वाचकांचे प्रश्न : रॅम्प आहे, पण वर चढता येत नाही

अपंगत्व आणि शाळा या विषयावर आलेल्या पत्रांतून सहा निवडली आहेत. समाजशास्त्र शिकवणारे आणि विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे आमचे सल्लागार यांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत. काही पत्रे लांब होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : ‘अपंगत्वाचे सामाजिक प्रारूप’ आम्हाला अभ्यासक्रमात आहे. व्याख्या पाठ आहे, पण एक शंका सुटत नाही. समाजच माणसाला अपंग करतो असे म्हटले, तर ज्या मुलाला खरोखरच नीट दिसत नाही त्याचे काय? समाज सुधारला म्हणून त्याला दिसायला लागणार आहे का? – बी.एड. विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : शंका रास्त आहे, आणि तुमच्याआधी ती अभ्यासकांनीही काढली आहे. १९७६ साली ब्रिटनमधल्या ‘युपियास’ या अपंगांच्या संघटनेने दोन गोष्टींची फारकत केली. शरीरातली उणीव ही एक, आणि ती उणीव असलेल्या माणसाची समाजाच्या रचनेमुळे होणारी अडवणूक ही दुसरी. ‘अपंगत्व’ हा शब्द त्यांनी दुसरीसाठी राखून ठेवला. या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव मायकेल ऑलिव्हर यांनी १९८३मध्ये दिले. पुढे टॉम शेक्सपिअर या अभ्यासकाने (ते स्वतःही अपंग आहेत) तुमचाच मुद्दा मांडला. वेदना, थकवा, कमी दिसणे हे काही नुसत्या रॅम्पने जात नाही, त्यामुळे शरीर हिशेबातून वगळू नका, असे त्यांचे म्हणणे.

शाळेत हे कसे दिसते ते पाहा. चौथीतला एक अल्पदृष्टी मुलगा. त्याला फळ्यावरचे दिसत नाही. डॉक्टरी भाषेत कारण त्याच्या डोळ्यात आहे, आणि ते खोटे नाही. पण त्याच वर्गात फळा घासून घासून पांढुरका झालेला असतो, खिडकीची तिरीप नेमकी फळ्यावर पडते, अक्षर बोटभरही नसते आणि बाई फळ्यावर लिहिताना तोंडाने काही बोलत नाहीत. फळा पुन्हा काळा रंगवला, तिरिपेच्या बाजूच्या खिडकीला पडदा लावला, अक्षर पाच सेंटिमीटर केले, लिहिता लिहिता प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली आणि धड्याची मोठ्या अक्षरातली प्रत त्याच्या हातात दिली, तर डोळा तोच राहतो पण मुलगा तासात येतो. एवढे करूनही जे उरते, म्हणजे वाचायला लागणारा जास्त वेळ आणि दुपारनंतर थकणारे डोळे, ते त्याच्या उणिवेचे. त्यासाठी वेगळी सोय हवी : जास्तीचा वेळ, कानाने ऐकायचे पाठ. आधी रचनेतली अडवणूक काढायची आणि मग उरलेल्याची सोय करायची. प्रत्यक्षात शाळा उलट्या क्रमाने जातात. आधी मुलाचे निदान होते, आणि फळा कोणी तपासत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१६मध्ये केलेली चौपदरी फोडही परीक्षेत उपयोगी पडेल. मुलाला शाळेतच न घेणे म्हणजे बहिष्करण. वेगळ्या शाळेत ठेवणे म्हणजे विलगीकरण. नेहमीच्या शाळेत घेणे, पण शाळा आहे तशीच ठेवून ‘जमले तर राहा’ म्हणणे, हे एकीकरण. आणि मुलासाठी शाळेने शिकवण्याची, तपासण्याची, बसवण्याची पद्धत बदलणे, हे समावेशन. आपल्याकडे ‘समावेशित शिक्षण’ या पाटीखाली जे चालते त्यातला मोठा भाग अजून तिसऱ्या पायरीवर आहे, असे आमचे मत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे, घरात बोललेले तिला बऱ्यापैकी कळते. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, ‘ताई, तिला जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेत घाला, इथे तिचं नुकसान होईल. नाहीतर आधी प्रमाणपत्र आणा.’ ते नाही म्हणू शकतात का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : नाही म्हणू शकत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ (लागू : १९ एप्रिल २०१७) यातले कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्व शाळांना लागू होते. भेदभाव न करता प्रवेश देणे आणि गरजेप्रमाणे सोय करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. या कलमासाठी ४० टक्क्यांची अट नाही. कलम ३१ला मात्र ती आहे : ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि दोन्हींपैकी कोणती ते निवडण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. तो मुख्याध्यापकांकडे नाही. प्रमाणपत्र काढाच, पुढे भत्ते आणि परीक्षेच्या सवलती यांसाठी ते लागेल. पण ते नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

आता करायचे काय ते सांगतो. तोंडी बोलणे थांबवा. साध्या कागदावर प्रवेशअर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. आठवडाभरात उत्तर आले नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथेच गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक असतात, त्यांना मुलीची नोंद करायला सांगा. तिथेही अडले तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. बहुतेक प्रकरणे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलापलीकडे जात नाहीत, कारण नकार कागदावर द्यायला कोणीच तयार नसते.

प्रवेशानंतरचे काम जास्त महत्त्वाचे आहे. श्रवणयंत्र एक-दीड मीटरवरचे बोलणे चांगले पकडते. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि यंत्र बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांची खरखरही मोठी करते. म्हणून तिची जागा पुढच्या रांगेत, पण अगदी कडेला नको. थोडी तिरकी, जिथून बाईंबरोबर वर्गातल्या मुलांचे चेहरेही दिसतील. बाईंची पाठ खिडकीकडे नको, चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोललेले वाक्य तिच्यासाठी वाया गेलेले असते. ‘कळलं का?’ असे विचारू नका, मुले ‘हो’ म्हणतात. ‘मी काय सांगितलं ते सांग’ म्हणा. दप्तरात बॅटरीची जादा जोडी हवी. या बॅटरीवरचा कागद काढला की हवेने ती सुरू होते आणि वापरा न वापरा, संपत जाते, म्हणून आधी सोलून ठेवू नका. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. शाळेत ‘ती आजकाल लक्ष देत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी बॅटरी आणि कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत जमलेला ओलावा बघा.

मूकबधिर शाळेचे नाव काढले म्हणून आम्ही लगेच तिला वाईट ठरवणार नाही. कर्णबधिर माणसांचा एक भाषिक समाज असतो, आणि त्याची सांकेतिक भाषा पुष्कळदा अशा शाळांच्या वसतिगृहांत मुलांमुलांत वाढलेली असते. ज्या मुलाला यंत्र लावूनही बोलणे कळत नाही, त्याला खुणांची भाषा न येणाऱ्या वर्गात बसवणे म्हणजे चाळीस जणांत एकटे ठेवणे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातले २४वे कलमही (भारताने तो २००७मध्ये मान्य केला) कर्णबधिर मुलांना त्यांच्या योग्य भाषेत शिकवण्यावर भर देते. तुमच्या मुलीला बोलणे बऱ्यापैकी कळते, त्यामुळे गावची शाळा हा सरळ पर्याय आहे. तरी सुट्टीत तिची इतर कर्णबधिर मुलांशी गाठ पडेल असे बघा आणि जमेल तेवढी सांकेतिक भाषा घरातल्यांनीही शिका.

प्रश्न : आमच्या शाळेला रॅम्प मंजूर होऊन बांधूनही झाला. पाचवीतला मुलगा व्हीलचेअरवर आहे, त्याला मात्र दोघांनी उचलूनच आणावे लागते. इंजिनिअर म्हणतात, काम नियमात आहे. – मुख्याध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : टेप घ्या आणि दोनच मापे घ्या : जोत्याची उंची आणि रॅम्पची जमिनीवरची लांबी. प्रमाण १:१२ हवे. जोते ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५.४ मीटर, ६० असेल तर ७.२ मीटर. बहुतेक ठिकाणी पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या दोन मीटरमध्ये तो कोंबलेला असतो. ४५ सेंटिमीटर दोन मीटरमध्ये चढायचे म्हणजे जवळजवळ १:४. तिथे खुर्ची मागे उलटते. अंगण कमी असेल तर रॅम्प वळवून घ्या आणि वळणावर १.५ मीटर लांब-रुंद सपाट जागा सोडा. तेवढीच जागा वर दारापुढे आणि खाली पायथ्याशी हवी. दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरबरीत. वर पोचल्यावर दाराला दगडी उंबरा असेल तर सगळे फुकट, तो भरून घ्या. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर.

स्वच्छतागृहही आताच मोजा : दार बाहेर उघडणारे, आत १.५ मीटरचा फेरा मारता येईल एवढी जागा, कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. दिव्यांगांचे स्वच्छतागृह म्हणून बांधलेल्या खोलीत झाडू आणि पोषण आहाराची रिकामी पोती, आणि किल्ली ऑफिसात, हे चित्र नवे नाही. यू-डायसच्या (शाळांची माहिती सरकार गोळा करते त्या नोंदणीच्या) अर्जात ‘रॅम्प आहे का’ हे विचारतात आणि ‘होय’वर खूण होते, तो चढता येतो का, हे त्या खुणेतून कळत नाही. काम ताब्यात घेण्याआधी त्या मुलाला एकट्याने वर यायला सांगा आणि जे दिसेल ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे त्या ठरावाला वजन असते.

प्रश्न : जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी, एकूण ३१ मुले. त्यात एक बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा. विशेष शिक्षक महिन्यातून एक-दोनदा येतात. मी त्याला पुढे बसवतो, रंगवायला चित्रे देतो, एक हुशार मुलगी त्याच्याकडे बघते. यापलीकडे काय करता येईल? – शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : पत्रातल्या तीन गोष्टींपासून सुरुवात करू, कारण त्या सगळीकडे अशाच चालतात.

चित्रे रंगवणे. सगळा वर्ग बेरीज करतो आणि एक मुलगा वर्षभर रंगवतो, तेव्हा इतर मुलांना काय कळते? हा आपल्यातला नाही, हे. एकाच खोलीत दोन शाळा भरतात. विषय तोच ठेवा, काम बदला. समजा हातच्याची बेरीज चालू आहे, ४७ अधिक २८. बाकीची मुले वहीत करतील. हा मुलगा आइस्क्रीमच्या काड्या दहा-दहा मोजून रबर लावेल आणि गटाला दशकाचा गठ्ठा पुरवेल. सात आणि आठ सुट्या काड्या पंधरा झाल्या की गटाला त्याच्याकडूनच एक गठ्ठा बांधून घ्यावा लागेल. त्याचे काम खरे आहे आणि गटाचे त्याच्यावाचून अडते. त्याचे उद्दिष्ट एका ओळीत लिहा : ‘पाचपैकी चार वेळा दहा वस्तू न चुकता मोजतो.’ तारीख घाला. चार आठवड्यांनी बघा. जमले तर पुढची पायरी, दहाचे गठ्ठे मोजून तीस-चाळीस सांगणे. नाही जमले तर पायरी मोठी होती. पाच वस्तूंवर या. एका वेळी भाषेचे एक, गणिताचे एक आणि रोजच्या सवयीचे एक (डबा स्वतः उघडणे, वही स्वतः काढणे) अशी तीनच उद्दिष्टे ठेवा. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचे छापील फॉर्म पंधरा-वीस रकान्यांचे असतात, ते एकदा भरून फाइलला लागतात आणि पुन्हा उघडत नाहीत. वहीच्या मागच्या पानावरच्या तीन ओळी रोज नजरेस पडतात.

दुसरे, विशेष शिक्षक. ते आले की मुलाला व्हरांड्यात घेऊन अर्धा तास शिकवतात आणि जातात. महिन्याच्या त्या अर्ध्या-एक तासाने मुलगा पुढे जात नाही. त्यांचा वेळ मुलासाठी वापरू नका, स्वतःसाठी वापरा. पुढच्या दोन आठवड्यांचे धडे त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रत्येकात या मुलाचे काम काय, ते दोघांनी ठरवा. माणसे कमी का, याचे उत्तर मात्र तुमच्या शाळेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घालून दिले. केंद्राने ते २०२२मध्ये अधिसूचितही केले. पण हे काम राज्याने वर्षानुवर्षे कंत्राटी माणसांकडून करून घेतले. शिवाय विशेष शाळा एका खात्याकडे, तुमची शाळा दुसऱ्या खात्याकडे. विशेष शाळांतले शिकवण्याचे कसब झेडपीच्या वर्गापर्यंत येत नाही त्याचे मोठे कारण ही खातेवाटणी आहे.

तिसरे, हुशार मुलगी. यावर जरा थांबायला हवे. मदतनीस म्हणून नेमली जाते ती मुलगीच, आणि ती शांत आणि समजूतदार असते. घरात धाकट्यांना सांभाळण्याचे काम जिच्याकडे असते तिच्याकडेच शाळेतही सांभाळण्याचे काम येते, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. तिचा अभ्यास मागे पडतो. मुलाला एकच माणूस कळतो. ती गैरहजर असली की तो सैरभैर होतो. वरून ती त्याच्या वाटचे काम स्वतःच उरकून टाकते, कारण ते लवकर होते. म्हणून चार मुलांची टोळी करा, दोन मुलगे धरून, आणि दर आठवड्याला पाळी बदला. नियम एकच सांगा : हाताला धरून करायचे नाही, दाखवायचे आणि थांबायचे. मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबायचे. मोठ्यांनाही हे थांबणे जड जाते.

यू-डायसमध्ये त्याची नोंद बिनचूक झाली आहे ना, तेही पाहा. मोजमाप शिबिर (उपकरणांसाठी मुलांची मापे घेतात ते), साहित्य आणि भत्ते त्या नोंदीवरून ठरतात.

प्रश्न : मुलगा सातवीत, सेमी इंग्रजी. तोंडी सगळे येते, लिहायला बसला की अक्षरे उलटसुलट. डिसलेक्सिया (वाचन-लेखनाची अक्षमता) असेल असे समुपदेशक म्हणतात. प्रमाणपत्र घेतले तर कायमचा शिक्का बसेल, अशी आमच्या घरच्यांना भीती वाटते. – वडील, नाशिक

उत्तर : भीती पोकळ नाही. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३मध्येच दाखवून दिले होते की अशी खूण एकदा चिकटली की लोक माणसाची बाकीची ओळख त्या खुणेतूनच वाचू लागतात. पण शिक्का तुमच्या मुलावर आधीच बसलेला आहे. ‘आळशी’, ‘अक्षर गिचमिड’, ‘लक्ष नाही’ हे शिक्केच आहेत, आणि त्यांच्याबरोबर एकही सवलत मिळत नाही. प्रमाणपत्र कोणाला दाखवायचे हे तुमच्या हातात राहते.

परीक्षेतल्या या सवलतींची वाट भारतात प्रथम महाराष्ट्राने मोकळी केली, १९९६मध्ये. पण तपासण्या मोजक्या शहरी रुग्णालयांत, चाचण्या बहुतेक इंग्रजीत, आणि चार-पाच खेटे घालायला मोकळीक असलेले पालक, त्यामुळे अनेक वर्षे लाभ प्रामुख्याने शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना झाला. मराठी शाळेतला तसाच मुलगा ‘ढ’ ठरून आठवी-नववीत गळत राहिला. दोष मेंदूत सारखाच, पण त्याला नाव कोणते मिळते हे घराच्या ऐपतीवर ठरते. ही ऐपत नुसत्या पैशाची नाही, भाषेची आणि व्यवस्थेत वावरण्याच्या सवयीचीही आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते हेच.

तपासणीत आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. चाचणी मराठीतूनही घ्यायला सांगा. फक्त इंग्रजीत घेतली तर भाषेची कमतरता आणि अक्षमता यांची सरमिसळ होते. जाताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका न्या. फेअर वह्या नकोत, वर्गात लिहिलेल्या हव्यात. हे सातवी-आठवीत उरका. दहावीच्या वर्षी डिसेंबरात धावाधाव करणाऱ्यांची रांग लांब असते.

सवलतींचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दर तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. सांगून लिहून घेणे हे वेगळे कौशल्य आहे : वाक्य मनात पुरे करणे, विरामचिन्ह सांगणे, लिहिलेले वाचून घेणे. त्याच लेखनिकाबरोबर निदान तीन सराव पेपर पूर्ण वेळ लावून सोडवा, आणि एक गणिताचाच ठेवा, कारण आकृती आणि पायऱ्या तोंडी सांगताना मुले सर्वांत जास्त अडखळतात.

प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी ४०च्या खाली आली तरी हात टेकू नका. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात (११ फेब्रुवारी २०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लेखनिकासारखी वाजवी सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येत नाही. अर्ज फेटाळला गेला तर फेरअर्जात या निकालाचा उल्लेख करा.

प्रश्न : शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी दिव्यांग मुलाला उत्पन्नाचा दाखला लागतो का? – एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला, आणि त्या गटाला उत्पन्नाची अट नाही. ४० टक्के किंवा जास्तीचे प्रमाणपत्र मात्र लागते, ते आधी काढून ठेवा. ऑनलाइन अर्जाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. निवड झाल्यावर शाळा मुलाची ‘चाचणी’ किंवा ‘निरीक्षण’ घ्यायचे म्हणाली, तर कायद्याच्या कलम १३नुसार ते चालत नाही, हे लेखी कळवा. हा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीपासून त्याच शाळेची फी किती होईल, ते प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.